तिसरी डबी

४ मार्च, मंगळवार
चौथा दिवस. नातीचं पोट अजून तसंच. आणि तो वास! सडक्या अंड्यांचा. चार वर्षांचं एवढंसं लेकरू, त्याच्या पोटात एवढी घाण येते तरी कुठून? फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी. दोनदा पाणी सोडलं तरी जात नाही. लिहितानासुद्धा मळमळतंय.

संडास तीनदा फिनेलने धुतला. बोटांची कातडी सोलवटली माझी.

चिरंजीव म्हणतात, "दाढा येत असतील गं." दाढा! पोरगी पेरू कडाकडा फोडून खाते, आणि हिला म्हणे दाढा येताहेत.

मला माहीत आहे हे कुठून आलंय. सूनबाई कामाला कुठे, तर कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात. दिवसभर त्यांची ती शेपटं, ते पंजे, आणि काय काय ते मला लिहवत नाही. घरी आली की चपला काढायच्या आत लेकीला उचलते. मी ओरडले की मग हात धुते. बत्तीस वर्षं शाळेत गृहविज्ञान शिकवलं मी. मुलींची नखं बघून मार्क दिले. आणि माझ्याच घरात हे!

६ मार्च, गुरुवार
डॉक्टरांकडे नेलं. छोटीचं वजन दीड किलो उतरलंय. हाताला नुसत्या बरगड्या लागतात. डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहिलं तर सलाइन लावावं लागेल. 

शौच तपासायला द्यायचं. तीन वेळा, एक दिवसाआड! म्हटलं, "एकदा दिलं तर दिसत नाही का?" तर म्हणे, "पोटात जंतू असला तरी तो रोज बाहेर पडत नाही आजी. एका डबीत सापडला नाही म्हणजे नाहीच, असं नसतं."

मग विचारलं, पाणी कसलं पिता? सांगितलं ताठ मानेने — वीस मिनिटं उकळलेलं!

खरंच आहे ते. रोज सकाळी मोठं पातेलं, घड्याळ लावून वीस मिनिटं खळखळ. मग गाळून स्टीलच्या पिंपात. उकळलेलं पाणी मेलेलं लागतं, म्हणून गार झालं की वरून एक पेला ताजं घालते. आईने शिकवलेलं. छोटी म्हणते, "आजीचं पाणी गोड." मुलगा-सून विकतच्या बाटल्या आणून पितात. नखरे! पिंपातलं पिणाऱ्या आम्ही दोघीच.

७ मार्च
पहिली डबी. ती भरायचा मान माझा! चमच्याने. तो चमचा फेकला, मग डबी तीन पिशव्यांत गुंडाळून नेली. रस्त्यात शेजारीण भेटली. "काय घेऊन चाललात?" म्हटलं, लोणचं.

लॅबमधल्या मुलीने डबी टेबलावर ठेवली, शेजारीच तिच्या जेवणाचा डबा. मी दुपारी जेवले नाही.

१२ मार्च, बुधवार
पहिल्या डबीत काही नाही. दुसऱ्या डबीत काही नाही. तिसरीत सापडला. जिआर्डिया.

डॉक्टरांनी चित्र दाखवलं. आंब्याच्या कोयीएवढा फुगवलेला, वर दोन गोल डोळे, आणि खाली मिशा वळवळताहेत. माझ्याकडेच बघतोय असं वाटलं. शी शी शी! असले जंतू माझ्या सोनीच्या आतड्याला चिकटून बसलेत. डॉक्टर म्हणाले, तो घाण पाण्यातून पोटात जातो, मग न धुतलेल्या हातांवरून एकाचा दुसऱ्याला.

न धुतलेल्या हातांवरून! मी सूनबाईकडे बघितलं. तिनेही बघितलं.

पाच दिवस कडू औषध. शिवाय घरातल्या सगळ्यांनी डब्या द्यायच्या. "त्रास नसला तरी पोटात असू शकतो." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?"

१३ मार्च
भांडण. तोंडावर बोलले तिला — "तूच आणलंस ते घरात."
"आई, मी दिवसातून चाळीस वेळा हात धुते."
"कुत्र्याला हात लावून!"
ती रडली नाही. तेच जास्त लागलं. स्वतःची डबी घेऊन निघून गेली.

२१ मार्च, शुक्रवार
छोटी बरी! आज शी बांधून झाली. कधी काळी अशा गोष्टीचा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. दोन वाट्या वरणभात खाल्ला आणि वर म्हणाली, "आजी, तुझं पाणी दे."

मुलाच्या तिन्ही डब्या स्वच्छ. सुनेच्याही. हिच्या कशा स्वच्छ येतात? लॅबवालीने नीट बघितलं नसणार.

२९ मार्च, शनिवार
परत. तोच वास.

छोटी पोट धरून मोरीतच बसली. चड्डी, फरशी, माझी साडी — सगळं. ओकारी आली मला, आणि ओकारी आली म्हणून स्वतःची लाज वाटली. ती म्हणाली, "आजी, रागावू नकोस." देवा.

३० मार्च
सूनबाईने बॅग भरली. छोटीला घेऊन माहेरी. आवाज न चढवता म्हणाली, "आई, या घरात तपासणी एकाच माणसाची राहिलीय. ती झाल्याशिवाय मी तिला आणणार नाही."

माझ्यावर संशय! चिरंजीव खाली मान घालून बॅगा उचलत होते. नंदीबैल.

छोटीची लहान बादली मोरीत तशीच आहे.

३१ मार्च
देते! देते डब्या! मग रिपोर्ट हातात ठेवते तिच्या. पण या वयात, त्या लॅबमधल्या पोरीसमोर, आपलं आपण... जमीन दुभंगावी असं वाटलं.

१ एप्रिल, मंगळवार
काही नाही! लगेच फोन केला. "स्वच्छ आहे म्हटलं मी."
ती म्हणाली, "दोन राहिल्या, आई."
औषध पुन्हा सुरू केलंय, छोटीचं पोट तिकडे सावरतंय म्हणे. विहीणबाईंकडचं पाणी फिल्टरचं. मला काय ते सांगायचं?

३ एप्रिल
दुसरीतही काही नाही. पेढे वाटावेसे वाटले.

घर फार शांत आहे.

५ एप्रिल, शनिवार
सकाळी तिसरी डबी देऊन आले. स्वयंपाकघराचा नळ गळत होता म्हणून प्लंबर आला होता. म्हणाला, "मावशी, इमारतीची पाइपलाइन गटाराला चिकटून गेलीय. मागच्या बाजूला तडा आहे. खालच्या मजल्यावरही पोरांची पोटं बिघडलीत. नळाचं कच्चं पिऊ नका."

म्हटलं, "आमच्याकडे वीस मिनिटं उकळतं!" आणि बोलता बोलता, रोजच्या सवयीने, नळाखाली पेला धरला आणि पिंपात ओतला.

तो बघतच राहिला. "हे काय?"
"चव यावी म्हणून."
"मग उकळलंत कशाला?"

त्याला चहा दिला. पैसे दिले. दार लावलं. आणि पिंपासमोर पाटावर बसून राहिले.  रोज मी तिला माझ्या हाताने पेला भरून दिलाय. पिऊन झालं की म्हणायची, अजून.

ओकारी आली. या वेळी किळस दुसऱ्या कुणाची नव्हती.

७ एप्रिल, सोमवार
तिसऱ्या डबीत सापडला.

सूनबाईला फोन केला. पेल्याचं सगळं सांगितलं. तुझी चूक नव्हती, हेही सांगितलं. ती म्हणाली, "आई, औषध जेवणानंतर घ्या. फार कडू आहे." आणि पुढे, "शनिवारी आणू का तिला?"

मागून छोटी ओरडत होती — "आजीचं पाणी पाहिजे!"

"नको," मी म्हटलं. "माझ्या तिन्ही डब्या स्वच्छ येईपर्यंत आणू नकोस."