फणीतली चाळिसावी खुर्ची

तोंडवलीचा सडा, तालुका मालवण
शनिवार, दुपार

प्रिय फेलिक्स,

साष्टांग घालावा तर कंबर नको म्हणते, हात जोडावेत तर एकात पेन आहे. तेव्हा नमस्कार पोचला असे धर आणि वडीलकीचा आशीर्वाद उलट टपाली धाड. (तू माझ्याहून अकरा दिवसांनी मोठा आहेस, हे तू शाळेत असल्यापासून मला विसरू दिलेले नाहीस.) मार्गारेटवहिनींचा रक्तदाब आणि तुझा उजवा गुडघा म्हापशाच्या हवेत आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करतो. मी सुखरूप आहे. फोन सोडून पत्र कुठून काढलेस, असे विचारशील. इथे फोनला रेंज फक्त जिन्याजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला मिळते आणि मी बसलेला आहे. का, ते यथावकाश.

तुला आपली फणी आठवत असेलच. सड्याच्या उघड्या माळावरची ती चौदा मजली कचेरी, जिला पुढच्या उभ्या काँक्रीटच्या फळ्यांमुळे गाव फणी म्हणतो. संस्कृतात अशा इमारतीला अभ्रंलिह म्हणतात, ढगाला चाटणारी. मुंबईचे ढग चौदा मजल्यांकडे ढुंकून पाहणार नाहीत, पण जिथे सगळ्यांत उंच वस्तू माड, तिथे ती अभ्रंलिहच. तिला पन्नास वर्षे झाली म्हणून वाचनालयाने पुस्तिका काढायचे ठरवले आणि काम माझ्या गळ्यात घातले. (तालुक्यात ऱ्हस्वदीर्घ पाळणारा मी एकटा उरलो आहे, असा लोकांचा गैरसमज आहे. मी तो दूर करत नाही.)

इतिहास थोडक्यात असा. जहाजांच्या धंद्यात वर आलेल्या आपल्याकडच्या एका शेठना कोणीतरी सांगितले की इथे मोठे बंदर होणार. शेठ दूरदृष्टीचे, त्यामुळे त्यांनी बंदराच्या आधी बंदराची कचेरी बांधली. विलायतेत शिकून आलेला वास्तुविशारद बोलावला. काळ्या जाड काड्यांचा चष्मा, पांढरा सदरा आणि एकच मत: इमारतीवर नक्षी म्हणजे खोटेपणा. (मी आयुष्यभर मुलांना अलंकार शिकवले. हे वाक्य त्याच्या टिपणात वाचून मला दोन दिवस जेवण गेले नाही.) खालचा मजला त्याने नुसत्या खांबांवर मोकळा सोडला, जमीन सर्वांची राहावी म्हणून. ती गुरांची राहिली. माथ्यावर छप्पर सपाट ठेवले. कोकणात सपाट छप्पर! पाऊस चार महिने तिथे मुक्कामाला असतो आणि उरलेले आठ महिने मजल्यामजल्याने खाली उतरतो.

पण एक गोष्ट त्या माणसाने अशी केली की मी टोपी काढली. खिडक्या भिंतभर आडव्या आहेत, त्यांच्यापुढे उन्हासाठी काँक्रीटची पट्टी, आणि सगळी मापे बसलेल्या माणसाच्या डोळ्याला लावलेली. उभे राहा, पुढ्यात काँक्रीट. खुर्चीवर बसा, खिडकीच्या बरोबर मधोमध क्षितिजाची रेघ आणि खाली समुद्र. कारकुनाने उठू नये, अशी ही योजना. ती मापे घ्यायला त्याने तुझ्या वडिलांनाच, आपल्या जुझेकाकांना, स्टुलावर बसवले होते, कारण खुर्च्या तेच करणार होते. चौथ्या मजल्यासाठी चाळीस, फणसाच्या लाकडाच्या, वेताच्या बैठकीच्या. प्रत्येक खुर्ची ताब्यात देताना ते पायावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत आणि मग म्हणत, "घेवन जा, आता ही तुमका पुरान उरतली." खरोखरच उरल्या आहेत. मी एक मोडून पाहण्याचा प्रयत्न केला, तेही यथावकाश.

आता पायाभरणी. जागेला राखणदार असतो, न दिसणारा रक्षक देव, आणि त्याला विचारल्याशिवाय आपण कुदळही मारत नाही; शेठही शेवटी इथलेच. गाऱ्हाणे घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने त्याच्याकडे मागणे मागायला, तोंडवलीचा धोंडू उभा राहिला. धोंडूला कचेरी म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, पण ओळीने मांडलेल्या खुर्च्या त्याने नकाशात पाहिल्या होत्या. त्याने आपल्या परीने बरकत मागितली: "बा देवा म्हाराजा, हय मांडलली एकव खुर्ची कधी रिकामी ऱ्हवा नये, असा कर रे म्हाराजा." आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, "व्हय म्हाराजा" म्हणाले ते तुझे वडील. चाळीस खुर्च्यांचे काम नुकतेच मिळालेला सुतार आणखी काय म्हणणार? (क्रुसावर हात ठेवून म्हणाले, असे तिथे हजर असलेले सांगतात.)

बंदर आले नाही. शेठ गेले, इमारत सरकारजमा झाली, कारकून एकेक करून निघाले. पण राखणदाराला बंदराचे कोणी काही सांगितले नव्हते. त्याला सांगितले होते ते खुर्च्यांचे.

पुस्तिकेसाठी मी मंगळवारी दुपारी वर गेलो. चौथ्या मजल्यावर बोटभर धूळ, टेबलांवर, फरशीवर, सगळीकडे. खुर्च्यांच्या बैठका मात्र स्वच्छ आणि प्रत्येकीचा वेत मधोमध खाली वाकलेला, वजन पडल्यासारखा. लख्ख ऊन होते. खिडकीशी रखवालदार तुकाराम, म्हणजे धोंडूचाच मुलगा, एका खुर्चीवर बसून होता. मी दोन ओळींमधून चालत गेलो तसा मागून वेत करकरत आला, वर्गातून इन्स्पेक्टर गेला की पोरे वळून बघतात तसा. मी विचारले, हे काय? तुकाराम सहज म्हणाला, "ती हपीसची माणसां, मास्तरानु. त्रास काय नाय तेंचो."

मग त्याने हिशोब सांगितला, तो असा. कारकून उठून गेला की राखणदार आठवड्याच्या आत ती खुर्ची भरतो. कुठून? गावातून. कोणीतरी धडधाकट माणूस बसल्या जागी जातो आणि इथे येऊन बसतो. शेवटच्या दोन खुर्च्या उरल्या तेव्हा धोंडूने आपली चूक ओळखली आणि बापलेक त्यांच्यावर बसले. बारा वर्षांपूर्वी धोंडू गेला. त्याला खाली नेईपर्यंत त्याची खुर्ची तेवढी रिकामी राहिली आणि त्याच दुपारी होडीचा तांडेल बाबू पडवीत जाळे दुरुस्त करताकरता, सुई हातात, बसल्या जागी संपला. (मेल्यावर धोंडूच तिथे का नाही बसला, असे मी तर्कशास्त्राला धरून विचारले. तुकाराम म्हणाला, "तो गाऱ्हाणा घालणारो. तेचो नंबर लागना नाय.") तेव्हापासून चाळिसावी खुर्ची तुकारामने सोडलेली नाही. जेवण घेऊन बायको जानकी येते, ती घटकाभर बसते, तेवढीच त्याची मोकळीक. सरकारी दप्तरात तो बारा वर्षे एकही रजा न घेतलेला रखवालदार आहे.

"चेडवाचा लगीन आसा बुधवारी," तो म्हणाला. "जानकीक थंय ऱ्हवाक व्हया. तुमी बसतास काय जरा?"

फेलिक्स, मी न्याय आणि व्याकरण शिकलेला माणूस. यातल्या एका अक्षरावर माझा विश्वास नव्हता. पण मुलीच्या लग्नाला बाप नाही, हे मला कुठल्याच शास्त्रात बसवता येईना. बुधवारी सकाळी बसलो. तुकाराम जिना उतरला तो एकेका पायरीवर थांबत, पोहायला विसरलेला माणूस पाण्यात उतरतो तसा.

तासाभराने मला चहाची आठवण झाली आणि उठावेसे वाटले. उठलो नाही. खाली तुकारामच्या मुलीच्या, संचिताच्या, लग्नाचा ताशा वाजत होता आणि माझ्या मनात आले की मी आता उठलो तर त्या मांडवातले कोण बसेल? अविश्वासाची ताकद किती असते, ते मला तेव्हा कळले. मग बसल्याबसल्या मोचनाचा एक श्लोक रचला, शुद्ध अनुष्टुभ, विभक्तीत एक चूक नाही, आणि खणखणीत म्हटला. आठवी 'ब'मध्ये शब्दरूप विचारल्यावर पसरते तशी शांतता पसरली. मागच्या ओळीत कोणीतरी बूड हलवले. मग खुर्चीच मोडावी म्हणून हाताला जोर लावला. तुझ्या वडिलांच्या सांध्याने माझे मनगट सुजवले. शेजारची खुर्ची आता थोडी माझ्याकडे कललेली आहे. मी लिहितो ते वाचत असावी.

तुकाराम संध्याकाळी परतला. हाताला हळद, रुमालात लाडू. "उठा मास्तरानु, बसतंय मी," म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हटले, उद्या. गुरुवारी म्हटले, उद्या. काल तो होडीत बसून आला म्हणे, बारा वर्षांनी. आज मासे देऊन गेला आणि पत्र न्यायला पुन्हा येणार आहे; उद्या म्हापशाला जाणाऱ्या माणसाच्या हाती ते देईल. माझी रजा मंगळवारपर्यंत आहे. बुधवारी संचिता नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा माहेरी यायची आहे.

तेव्हा सवड काढून एकदा ये. पुस्तिकेसाठी तुझ्या वडिलांविषयी चार ओळी हव्यात, आणि इथून समुद्र खरोखर फार चांगला दिसतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शास्त्री

ता. क. वरचे सगळे रिकामटेकड्या माणसाची गंमत समजून सोडून दे. वहिनींना वाचायला देऊ नकोस.

ता. क. २. सोडून देऊ नकोस. सवडीने नको, सोमवारी ये. पहिली एस्टी धर, सावंतवाडीला बदल. जुने मागणे परत घेणारे नवे गाऱ्हाणे तुकाराम उभा राहून घालेल, तोपर्यंत खुर्ची मी सांभाळीन. पण पन्नास वर्षांपूर्वी ज्या घराने होकार दिला, त्याच घराने आताही द्यायला हवा, अशी वहिवाट आहे. म्हणजे तू. तुला दोनच शब्द म्हणायचे आहेत, "व्हय म्हाराजा", आणि पाद्रींना विचारायचेच असेल तर परतताना विचार. हे बारा वर्षांत फेलिक्सला का कळवले नाही, असे मी तुकारामला विचारले. तो म्हणाला, "म्हापशासून माणसाक बोलवचा म्हंजे तेका उगीच त्रास." आल्यावर उभाच राहा. मी कितीही आग्रह केला, तरी कुठेही बसू नकोस.

ता. क. ३. जुझेकाका रंधा हातात घेऊन बसल्या जागी गेले, ते वर्ष मला पक्के आठवते. त्याच वर्षी इथला हेडक्लार्क निघून गेला होता. हे तुला लिहावे की नाही, ठरत नव्हते. शेवटी पत्र मोठ्याने वाचून पाहिले, ऱ्हस्वदीर्घ तपासायला. तुझे नाव आले तेव्हा तिसऱ्या ओळीत, खांबाजवळच्या खुर्चीच्या पायावर कोणीतरी दोनदा टकटक केले.