सॉनाच्या दारात काढलेलं मंगळसूत्र

पिनर, लंडन, रविवार

अहो,

नमस्कार. फोनवर तुम्ही मला बोलू देणार नाही, म्हणून लिहितेय.

काल संध्याकाळी चैत्राली सूनबाई मला इथल्या जपानी पद्धतीच्या सार्वजनिक न्हाणीघरात घेऊन गेली. सगळ्या बायकाच. पाटासारख्या बुटक्या स्टुलावर बसून आधी अंग घासायचं, मग कढत पाण्याच्या हौदात उतरायचं. माझे गुडघे किती दिवसांनी गप्प बसले!

मग सॉनाची लाकडी खोली. दारातली बाई म्हणाली, आत सोनं तापून कातडी भाजते, दागिने काढा. सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. माझ्या एक्स-रेच्या वेळी सासूबाईंनी मंगळसूत्राऐवजी काळा दोरा बांधायला लावला होता, आठवतंय? काल दोराही नव्हता. मी मंगळसूत्र काढलं, लॉकरमध्ये ठेवलं आणि घाम निथळेपर्यंत आत बसले.

खोटं कशाला सांगू, आज सकाळी डोळे उघडल्याबरोबर तुम्हाला फोन लावला. स्वयंपाकाच्या बाईंच्या भाजीत मीठ नाही म्हणून तुम्ही माझ्यावर ओरडलात. तेव्हाच कळलं, तुम्ही ठणठणीत आहात.

मंगळसूत्र अजून पर्समध्येच आहे. शनिवारी मी पुन्हा जाणार.

मीठ कमीच खा आणि बीपीची गोळी चुकवू नका. तुमचं आयुष्य त्या गोळीवर आहे, माझ्या गळ्यावर नाही.

तुमचीच,
अनुराधा