पाच तारखेवरची खूण

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची ती शहागंजातली बँकसुद्धा आता तिथं राहिली नाही. तरी आज तुमच्याशीच बोलायचं आहे. गेल्या आठवड्यात मी एका बँकेच्या साहेबाशी भांडले आणि जिंकले. त्या भांडणात तुम्ही माझ्या बाजूनं बसला असता की त्याच्या, हे काही मला ठरवता येत नाही.

तुम्ही शिपाई होतात, पण अंगठ्याचं पॅड तुमच्या ताब्यात होतं. हर्सूलकडून मेंढरंवाले यायचे, बाजाराच्या दिवशी बाया यायच्या, आणि मॅनेजरच्या टेबलाआधी त्यांना तुमच्या स्टुलापाशी थांबावं लागायचं. तुम्ही कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणार, मग म्हणणार, "आता तुमच्या तोंडानं सांगा, काय लिवलंय?" माणसानं सांगितल्याशिवाय पॅडचं झाकण उघडायचं नाही. रांग कुरकुरायची. एकदा मॅनेजर आतून ओरडले, "अहो, कीर्तन आटपा!" तुम्ही हात जोडलेत, आणि उरलेलं आणखी सावकाश वाचलंत.

मी आठवीत होते. शाळा सुटल्यावर तुमच्याकडं आले होते आणि एका म्हाताऱ्या धनगरबाबाची स्लिप मीच भरून दिली, ऐटीत. पॅड उघडून मीच म्हणाले, "इथं अंगठा लावा, बाबा." तुम्ही माझ्या हातून पॅड ओढून घेतलंत.

"वाचून दावलंस का?"

"त्यांना काय कळणार आहे, आबा?"

"मग तुला तरी काय कळलं? भाषणात बक्षीस घेती म्हणं." सगळ्या लोकांसमोर. धनगरबाबाच मधे पडला, "असू द्या हो, लेकरू हाय." तुम्ही त्यालाच दटावलंत, "तुमच्याच पैशाचं चाललंय, बाबा. तुमी तरी इचारा की!" मी घरापर्यंत रडत आले. निवृत्त झालात तेव्हा ते पॅड तुम्ही मला दिलंत, पत्र्याची डबी, कडा गंजलेल्या. शाई केव्हाच वाळली. डबी माझ्या टेबलावर आहे.

मी काय करते हे तुम्ही थोडंफार पाहून गेलात. वाळूजला कारखान्यांच्या गेटवर सभा घेते. आवाज तुमचाच आला आहे, फक्त मी तो खाली आणत नाही. पुस्तकं खूप वाचली, आणि त्यातून एक गोष्ट पक्की झाली : गरिबाच्या खिशातून दहा रुपये काढणारा नेहमी त्याला शिस्तीचा धडाही देतो. बँकांचे दंड पाहा. खात्यात शिल्लक कमी पडली, दंड. दंड कापल्यानं शिल्लक आणखी कमी झाली, पुन्हा दंड. ज्याच्याकडं पैसे नाहीत त्याच्याकडूनच पैसे नसल्याचे पैसे घ्यायचे! हे मी शंभर गेटांवर बोलले आहे आणि यातला एक शब्दही मागं घेणार नाही.

गेल्या आठवड्यातलं प्रकरण कारखान्याच्या पेंटशॉपमधल्या, रंगकामावरच्या एका कामगाराचं. मुकुंदवाडीला राहतो, कंत्राटी आहे. कंत्राटींना कंपनीची बस नाही, म्हणून त्यानं कर्जावर मोटारसायकल घेतली. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्यावरच जातो. हप्ता पाच तारखेला कापला जातो आणि पगार येतो सात तारखेला. दीड वर्ष तो बिचारा मागच्या पगारातला हप्ता खात्यात राखून ठेवत होता. बायको दवाखान्यात होती त्या महिन्यात ते पैसे गेले. पाचला हप्ता परत गेला, दंड. सहाला बँकेनं तो पुन्हा वसुलीला लावून पाहिला, पुन्हा दंड. सातला पगार आला, त्यातून आधी दंड कापले गेले, आणि पुढच्या पाचला हप्त्यापुरतं उरलं नाही. असे तीन महिने. मग गाडी ओढून नेण्याची नोटीस. गाडी गेली की काम गेलं.

मी त्याला घेऊन साहेबासमोर बसले. साहेब तरुण होता, उद्धट नव्हता. म्हणाला, "मॅडम, तारीख आम्ही नाही ठरवली. अर्जात पाच, दहा, पंधरा असे तीन पर्याय होते. पाचवर खूण यांनी स्वतः केलीय, खाली सही आहे. माणसाची स्वतःची काही जबाबदारी असते की नाही?" आणि त्यानं अर्ज माझ्यापुढं सरकवला.

आबा, निळ्या पेनाची ती खूण मी ओळखली. कंपनीच्या गेटवर मांडव, बँकेची दोन टेबलं, आणि माइक माझ्या हातात. कर्ज योजना मीच भांडून आणली होती. ऊन तापलेलं, रांग लांब. अर्ज वाचायला वेळ कुणाला? मीच गरजले होते, "सगळ्यांनी पाच तारखेवर खूण करा! सगळ्यांची तारीख एक, म्हणजे आपली ताकद एक!" टाळ्या पडल्या होत्या. कायम कामगारांचा पगार एक तारखेला होतो. कंत्राटींचा सातला होतो हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच.

मी अर्ज मिटला आणि तोंड उघडलं. "सहा तारखेला पुन्हा हप्ता लावताना सातला पगार येतो हे तुमच्या यंत्राला दिसत नव्हतं? दर महिन्याला दिसतं! हप्ता वसूल करायला लावला होता, की दंड?" बाहेरची रांग आत डोकावू लागली. तासाभरात दुसऱ्यांदा लावलेले सगळे दंड परत, नोटीस मागं, हप्त्याची तारीख दहा. पहिले दंड मात्र राहिले. खूण त्याची होती ना.

जिन्यात तो म्हणाला, "ताई, तुमी होता म्हणून गाडी वाचली. पर साहेबाचंबी खोटं नाय. खूण मीच केली व्हती. लई येडपटपणा झाला."

मी काय म्हणाले असेन? "असू दे. पुढं सही करताना बघत जा."

जबाबदारी सही करणाऱ्याची असते, आणि सही करवून घेणाऱ्याचीही. हे तुम्ही एकाही भाषणाशिवाय जाणत होतात, स्टुलावर बसून, मॅनेजरच्या शिव्या खात. बँकेशी माझं भांडण खरंच होतं आणि ते मी पुन्हा करीन, यापेक्षा मोठ्या आवाजात करीन. पुढच्या मांडवात अर्ज आधी वाचला जाईल, पहिल्या ओळीपासून, मग रांग कितीही कुरकुरो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही; या डबीखाली राहील. काल मी मुकुंदवाडीला गेले होते, त्याला खरं सांगायला, उरलेल्या दंडाचे पैसे पर्समध्ये घेऊन. गाडी दारात धुऊन ठेवलेली होती. बायकोनं चहा केला, शेजारचे जमले, कुणीतरी म्हणालं, ताई, दोन शब्द बोला. मी अर्धा तास बोलले, आबा. तेवढं एक वाक्य सोडून. पैसे अजून पर्समध्येच आहेत.