जाळ्याची दोन टोकं

१२ मार्च

ती. आत्यास साष्टांग नमस्कार वि. वि.

आमच्या संग्रहालयात आपल्या तळ्याकाठच्या मूठभर घरांचं दालन उघडतंय. मला कोण आनंद झाला होता! पण साहेबांनी पाटी लिहिलीय, की या लोकांत ना पुढारी, ना न्यायनिवाडा. बळी तो कान पिळी. मी सांगितलं, आमच्यात भांडणारे दोघं मिळून एक जाळं दुरुस्त करतात. ते हसले. म्हणाले, घरच्यांना घरचं गोडच लागतं.

शनिवारी पाटी लागणार. डोळ्यांदेखत ती लागली तर मी नोकरी सोडून येईन. तोवर भिंतीवर लावायला एखादं फाटकं जाळं पाठव. बाबांना नमस्कार.

तुझीच,
भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

नाकाच्या शेंड्यावरचा राग अजून जागेवर आहे, वाचून बरं वाटलं. ये, दार उघडंच आहे. पण तू आलीस तरी पाटी तिथेच राहील.

परवा तुझे बाबा आणि नावा बांधणारा सुतार धक्क्यावरच्या जागेवरून भांडले. वस्तीने दोघांना जाळ्याच्या दोन टोकांना बसवलं. आधी तोंडं दोन दिशांना. पण एकाची गाठ सैल, दुसऱ्याची करकचून, म्हणजे जाळं तिरकं जातं आणि सगळं सोडावं लागतं. मग बोलावंच लागतं, निदान गाठीपुरतं. आपण काही देवमाणसं नाही गं, बाबा अजून कुरकुरतात. पण आज दोघं एकाच नावेतून गेले. भांडणात कुणाचं बरोबर होतं, हे नेहमीप्रमाणे कुणी विचारलं नाही.

जाळं पाठवतेय. भिंतीला लावू नकोस. भांडण तुझं आहे, तेव्हा एक टोक तू धर आणि दुसरं साहेबांना दे. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी आठवण काढणारी,
आत्या

२१ मार्च

ती. आत्यास साष्टांग नमस्कार वि. वि.

बसले गं साहेब! आधी गंमत म्हणून, दालनाच्या फरशीवर, चष्मा कपाळावर सरकवून. त्यांच्या गाठी सैल आणि माझ्या रागाने आवळलेल्या. दोनदा सगळं सोडलं. तिसऱ्यांदा त्यांनी हळूच विचारलं, की तू किती ओढतेस? मीही हात सैल सोडला. तुझी शप्पथ, तेव्हा आपल्या माणसांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

जुनी पाटी शनिवारी लागायच्या आधीच त्यांनी स्वतःच बाजूला ठेवली. आता जाळं दालनाच्या मधोमध आहे, दोन हातांच्या गाठी वेगळ्या ओळखू येतात.

काल जाळ्याची गोष्ट ऐकून एका पाहुण्याने साहेबांना विचारलं, की मग तुमच्या भांडणात कुणाचं बरोबर होतं? मी कान टवकारले. साहेब म्हणाले, आमच्यात तसं विचारत नाहीत.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
भिंगरी