सांबर जिथे पडून राहते

१२ जानेवारी, सकाळ
आजपासून कार्यारंभ. सांबरे दिवसा जिथे पडून राहतात त्या जागेस बसकण म्हणतात. ती शोधून देण्याचे काम पाहणीसाठी आलेल्या कु. शिफा हिने माझ्यावर सोपविले आहे. सापडल्यास मी कायमचा वाटाड्या होईन व मुलाच्या कागलच्या फ्लॅटमध्ये राहावयास जावे लागणार नाही. सूनबाई तेजस्वी फोनवर म्हणाली, "मामा, रान काय पळून चाललंय व्हय? गुडघं बघा आधी." गुडघे उत्तम आहेत.

नियम: सांबर माथ्याखाली, वारा पाठीशी घेऊन बसते. माणसाचा वास असेल तेथे कदापि बसत नाही.

१४ जानेवारी
पूर्वेचा उतार पाहिला. काही नाही. दोष वाऱ्याचा. शिफाने जुन्या वाडीकडे बोट दाखविले. वाडी उठून पुष्कळ वर्षे झाली. तरी तेथे माणसे नांदली आहेत, सबब नियमाप्रमाणे वगळली. माझी कै. पत्नी अंबूबाई तेथेच वारली. त्याचा या निर्णयाशी संबंध नाही.

१५ जानेवारी, दुपार
वाडीच्या बाजूने कोणी खोकले. भेकर असावे. भेकर भुंकते, खोकत नाही, हे मला ठाऊक आहे. थंडीने त्याचा घसा बसला असेल.

१७ जानेवारी
विजय! कारवीच्या आड गवत दबलेले, अद्याप उबदार. शिफाला हाका मारून बोलाविले. तिने वाकून त्यातून माझी चुन्याची डबी उचलली. म्हणाली, "आजोबा, हितं मघाशी तुम्हीच पडला होता की!" रानात चकवा लागतो. किंबहुना अनुभवी माणसालाच लागतो.

१९ जानेवारी
पुन्हा खोकला. थांबून ऐकला. माझी झोप मोडू नये म्हणून अंबूबाई तोंडावर पदर धरून खोकत असे, अगदी तसा. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. उद्या विश्रांती. कारण: ऊन.

२१ जानेवारी
शिफा एकटीच वाडीकडे निघाली. परक्या मुलीस एकटे सोडणे रीतीस धरून नाही, म्हणून गेलो.

आमच्या घराचे केवळ जोते उरले आहे. चुलीमागच्या कोपऱ्यात, जेथे अंबूबाईचे अंथरूण असे, तेथे गवत वाटोळे दबलेले. प्रथम खिसा चाचपला. डबी खिशातच होती. गवतावर हात ठेवला. ऊब होती. तोंडून "उठलीस व्हय?" असे निघून गेले. शिफाने ऐकले नसावे.

तिने चार राठ केस उचलून उजेडात धरले. "सांबरच! आजोबा, घावली की बसकण!" लगोलग झाडाला कॅमेरा बांधला. मग म्हणाली, "आता हितं माणसाचा वास नको. तुम्हीसुद्धा यायचं न्हाय हं."
मी म्हटले, मला यायचेच नव्हते.

२२ जानेवारी
वाटाड्याचे काम पक्के झाल्याचे शिफाने कळविले. माझा नियम अचूक ठरला. त्या घरात आता माणसाचा वास उरलेला नाही.

तेजस्वीला फोन केला. रविवारी गाडी पाठव, कागलला राहावयास येतो, म्हटले. ती म्हणाली, "मामा, बरं हाय न्हवं?"
गुडघे दुखतात, असे सांगितले.