नुकसानीचा रकाना

१४ नोव्हेंबर

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. पत्र न फाडता उघडलंस, हेच खूप झालं. इकडे सगळे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, तुझी भावजय माझ्यावर कुरकुरते. कारखान्यातल्या शिवणयंत्राचा पट्टा अजून तोच आहे आणि अजूनही ऐन घाईत निसटतो.

लिहायला निमित्त असं, की महिनाभर आपल्याकडे एक मोजणीबाई येत होत्या. दोन पाय सारखे नसलेल्यांचे बूट करणाऱ्या या कामाला ज्या संस्थेने भांडवल दिलंय, तिला हवा होता हिशेब, की घातलेल्या पैशातून नफा किती झाला आणि लोकांचं भलं किती. आकडा पटला तर भांडवल पुढे चालू, नाहीतर आम्ही गाशा गुंडाळायचा.

बाई कसली, पोरगीच ती, आणि तुझ्यासारखीच चिकट. कोणाची कंबर दुखायची थांबली, कोण कामावर परत गेलं, वेगवेगळ्या मापाचे दोन जोड घेऊन निम्मे फेकायची कटकट कोणाची वाचली, सगळं खोदून खोदून विचारलं. प्रत्येक भल्याला तिच्याकडे किंमत होती. मी मनात हसत होतो.

मग तिने विचारलं, हे सुरू कसं झालं? तेव्हा तुझी गोष्ट सांगावीच लागली. शाळेतून येताना जिन्यावर तुझी पावलं वाजायची, टक् धप्प, टक् धप्प, आणि तेवढ्यावर आई दूध तापत ठेवायची. बाबांनी स्वयंपाकघरात फतकल मारून बुचांचे तुकडे चिकटवले, तुझ्या डाव्या बुटाला जाड तळ केला. मी तोंडात खिळे धरून शेजारी. दुसऱ्या दिवशी तू जिना चढलीस, टक् टक्, टक् टक्, आणि आई आतून म्हणाली, "कोण आहे?"

तू दारातच रडायला लागलीस. बाबा खाली मान घालून उगाच हातोडी पुसत राहिले. अक्का, इतकं सुंदर काही मी पुन्हा पाहिलेलं नाही.

मोजणीबाईंचं लिहिणं थांबलं. म्हणाल्या, "हे कुठल्या रकान्यात घालू?"

तू असतीस तर सुचवलं असतंस काहीतरी.

शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, या कामामुळे कोणाचं नुकसान झालं का? तोही एक रकाना असतो म्हणे. मी ठोकून दिलं, छे, कोणाचंच नाही. लाकडी साचे तासणारे आपले म्हातारे मिस्तरी शेजारीच होते. त्यांनी नुसता रंधा थांबवला.

मग सांगितलं सगळं. बुटांचा भाव वाढवायचा ठरला तेव्हा तू म्हणालीस, "ज्याला परवडत नाही त्याने अनवाणी जायचं का?" मी म्हणालो, "धर्मशाळा काढायची असेल तर तू काढ." तू ॲप्रन खुंटीला अडकवलास आणि गेलीस ती गेलीसच. भाव वाढवला नसता तर दाराला कुलूप लागलं असतं, हे मी आजही म्हणेन. पण ज्यांना परवडत नाही त्यांना आम्ही निम्म्या भावात बूट देतो, वाढीव भाव देणाऱ्यांच्या जिवावर. तू गेल्यापासून देतो. तुला कळवलं असतं तर तू जिंकलीस असं झालं असतं, म्हणून कळवलं नाही.

मोजणीबाईंनी रकान्यात लिहिलं, 'बहीण'. मग त्यांच्या पद्धतीप्रमाणे विचारलं, "गेलेलं परत मिळवायला तुम्ही काय द्याल?" माझ्या लेकीच्या वयाची मुलगी ती. तिच्यासमोर माझे डोळे भरून आले. किमतीची जागा कोरी राहिली आणि अहवाल तसाच गेला.

आकडा पटला. भांडवल चालू राहतंय. कारखान्यात टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. तुझा ॲप्रन खुंटीवरच आहे.

तुझ्या पायाचा साचाही भिंतीवर आहे, पण तो आता कामाचा नाही. वयाबरोबर पाय बदलतो. हल्ली बूट कुठून करून घेतेस, की जुनाच ओढतेस, मला माहीत नाही. नवा करायचा म्हणतोय. फक्त माप काढून टपालाने पाठवू नकोस. कागदावरच्या मापाने बूट करायचा नाही, हा इथला पहिला नियम, आणि तो तूच घातलास. पाय इथे यावा लागतो.

"कोण आहे?" विचारायला आता आई नाही. मी विचारणार नाही. पाऊल कसंही वाजलं तरी मला कळेल.

मापाची पट्टी घेऊन बसलेला,
तुझा खिळ्या