ज्याचा कापूस त्याला

अब्बा, माझ्या हातांनी केलेल्या वस्तू आधी सांगून टाकतो. मशिदीच्या भोंग्याचा अ‍ॅम्प्लिफायर. शाळेच्या घंटेचा टायमर. तीन मेलेल्या मशिनींमधून उभा केलेला एक चालता कॉम्प्युटर. आणि तुमच्या कापूस पिंजायच्या यंत्राला बसवलेली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, जी तुम्ही तीन दिवसांत काढायला लावलीत. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. मोटर काढताना गादीच्या दुकानात सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "माझं गिऱ्हाईक समोर बसून आपला कापूस पिंजून घेतं. तुझं काम कुणाला दिसत नाही, बेटा. न दिसणाऱ्या कामात माणूस चोर होतो." तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. उत्तर आज देतो.

नव्वदनंतरची गोष्ट. पनवेलच्या कोर्टाजवळ एका वकिलांकडे चाळीस एमबीची डिस्क होती. जागा पुरावी म्हणून एका प्रोग्रामने सगळं दाबून एकाच मोठ्या, लपवलेल्या फाइलीत भरलेलं. उरणकडच्या लोकांचे जमिनीच्या मोबदल्याचे अर्ज त्यातच. कच्चे कागद फाडून टाकलेले, मुदत सोमवारची. शुक्रवारी डिस्क भरली. कारकुनाने फ्लॉपीवरून मशीन चालू केलं, त्यामुळे तो दाबणारा प्रोग्राम सुरूच झाला नाही; लपवलेल्या फाइलीही दाखवणाऱ्या यादीत ही एवढी थोरली फाइल बघितली आणि अडगळ समजून पुसली. कंपनीचा इंजिनियर "फॉरमॅट करा" सांगून निघून गेला. मी पोचतो तर दारात बसलेली म्हातारी विचारते, "भाऊ, डब्यातला समदा गेला म्हणतात. आमचा अर्ज हाय का नाय?"

"हाय," मी म्हटलं, आणि आधी कारकुनाचा हात कीबोर्डवरून काढला. पुसलेली फाइल लगेच जात नाही. तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडलं जातं आणि जागा रिकामी समजली जाते. त्या जागेवर नवं काही लिहिलं, की मग संपलं. गादीवरची नावाची चिठ्ठी गळली तर तुम्ही काय करायचात? धनी सापडेपर्यंत तिच्यात दुसरा कापूस नाही. मीही तेच केलं. एवढं तुमचं, बाकी माझं.

चहाला बाहेर आलो तर टपरीवर दलाल, अर्ज बुडाले तर ज्यांचा मोबदला वाचणार होता त्यांचा. त्याने आकडा सांगितला. "काय मिस्त्री, इंजिनियरने हात टेकले, तुम्हीही टेका की. आत बघायला कोण येतंय?"

"मी बघतोय ना," म्हटलं आणि आत गेलो. खोडलेल्या नावाचं पहिलं अक्षर भरलं, फाइल परत आली. डिस्क दोनदा तपासली. एकशे बारा अर्ज, एकही ओळ फाटलेली नाही. म्हातारी प्रिंटरशेजारी उभी राहिली, ती स्वतःचा कागद बाहेर येईपर्यंत हलली नाही. तुमच्या गिऱ्हाइकासारखी.

तेव्हा तुमचं ते वाक्य चूक होतं, अब्बा. हे पत्र पाठवायचं असतं, तर मी इथेच थांबलो असतो. नाही म्हणण्याआधी मी दलालाला आकडा पुन्हा विचारला होता. पहिल्यांदाही तो नीट ऐकू आला होता. पंचवीस हजार.